ताटात लिहिलेलं नाव

९ जून, सोमवार

खालची अक्का म्हणाली, रोज एक पान लिही, हात वळेल. म्हणून बसले. वही अनिकेतची आहे. पुढं त्यानं काढलेली इंजिनांची चित्रं, मागची पानं कोरी. पोरगं नोकरीला होसूरला गेलं आणि वह्या इथंच टाकून गेलं. रद्दीत घालणार होते. बरं झालं घातल्या नाहीत.

आठवीनंतर मी पानभर कधी लिहिलं नाही. किराणा लिहिला, सह्या केल्या. एवढ्यातच मनगट दुखायला लागलं.

१० जून, मंगळवार

काल कशासाठी लिहायला बसले तेच लिहिलं नाही. आज लिहिते.

इथं मद्रासात मैलापूरला एका हॉस्पिटलात रुग्णसेवेचं शिक्षण देतात. सहा महिने. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, नळीतून पेज कशी द्यायची, ताप-लघवीचा तक्ता कसा लिहायचा. आठवी पास पाहिजे आणि समोर बसवून अर्धं पान लिहून घेतात, कुठल्याही भाषेत. पास झाल्यावर तिथंच नोकरी लागते म्हणतात.

सासूबाई सहा वर्षं अंथरुणात होत्या. अर्धं अंग गेलेलं. सहा वर्षांत पाठीला एक फोड येऊ दिला नाही मी. डॉक्टर म्हणाला होता, मोठ्या दवाखान्यात असं होत नाही. त्याचं सर्टिफिकेट मात्र कुणी देत नाही. आता पैसे भरून आणायचं.

फी पंचेचाळीस हजार. पण फौजेतल्या माणसाच्या बायकोनं असलं शिक्षण घेतलं तर फौजेचं वेल्फेअर ऑफिस फी भरतं. हे मला अक्कानं सांगितलं. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या आमच्या सुभेदारानं सांगितलं नाही.

१२ जून, गुरुवार

अक्का म्हणजे विशालाक्षीबाई, घरमालकीण. खाली एकटी असते. तंजावरकडची मराठी माणसं ही, तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेली. तिचं मराठी ऐकलं की मला कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. दिवसातून वीसदा जिन्यातून हाक. "अगो रत्ने, वरती काय करतीस? कापी जाहली का तुझी?" कॉफी झाली असली तरी खाली जाऊन प्यावी लागते. नाही गेलं तर स्वतः गुडघे धरत वर चढते. तिची मुलगी कीर्तना अमेरिकेत. शनिवारी फोन येतो. शनिवारी म्हातारी हाक मारत नाही, तेवढीच शांतता.

गेल्या शनिवारी मीच दोनदा जिन्यात जाऊन डोकावले. उगीच.

१५ जून, रविवार

सुभेदारांचा फोन. रविवारी येतो, वर डोंगरातून. कुठं आहेत ते सांगायचं नसतं. बर्फ आहे एवढंच सांगतात, जून महिना आहे तरी.

मी शिक्षणाचं सांगितलं. म्हणाले, "आता या वयात?"

म्हटलं, "तुम्ही या वयात डोंगर चढताय ना?"

"दोन वर्षांत गावाकडंच जायचं आहे आपल्याला."

"गावाकडं माणसं आजारी पडत नाहीत का?"

म्हणाले, "बघ तुला काय करायचं ते." म्हणजे हो समजायचं. फॉर्मवर त्यांचा नंबर, युनिट, सगळं लिहून घेतलं. ठेवताना म्हणाले, "बरं, ठेवतो गं." एवढंच. चोवीस वर्षांत या माणसानं मला नावानं हाक मारली नाही. अगं, ऐकलं का, अनिकेतची आई. कुत्र्यालाही नाव घेऊन बोलावतात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं रत्नप्रभा लिहिलं तेवढंच. पुढं बोटानं नाही की तोंडानं नाही.

१८ जून, बुधवार

काहीच झालं नाही. दिवसभरात मराठी बोलले ते फक्त अक्काशी. भाजीवालीशी तमिळ, तेही "एव्वळवु?" एवढंच. किती म्हणून विचारायचं, तिनं सांगायचं, मी जास्त म्हणायचं. जवळच हवाई दलाचा तळ आहे. विमान गेलं की खिडकीची तावदानं थरथरतात. घरात काहीतरी हललं म्हणून मी वळून बघते.

स्वयंपाक अजून तिघांचा होतो. हात ऐकत नाही.

२४ जून, मंगळवार

छावणीतल्या ऑफिसात जाऊन आले. हवालदार सुब्बा म्हणून क्लार्क आहे, सिक्कीमचा. शांत माणूस. मला असल्या शांत माणसांचा राग येतो, पण हा कामाचा आहे.

फॉर्म बघितला, शाळेचा दाखला बघितला, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. हिंदीत म्हणाला, "मॅडमजी, या दोन बायका आहेत."

दाखल्यावर हौसा. फौजेच्या कागदावर रत्नप्रभा.

मी म्हटलं, "एकच आहे. आमच्यात लग्नात बायकोचं नाव बदलतात. नवरा ठेवतो."

"आडनाव?"

"आडनाव तर बदलतंच. पहिलं नावसुद्धा."

त्यानं डोळे मिटले. म्हणाला, मराठी पलटणीच्या बायकांची अशी दर वर्षी दोन-तीन प्रकरणं येतात. मग म्हणाला, सोपा रस्ता आहे. तुम्ही सरकारी गॅझेटमध्ये छापून आणा, की हौसा आजपासून रत्नप्रभा झाली. फौजेत रत्नप्रभा आहेच, काही हलवावं लागणार नाही. पैसे वेळेवर मिळतील. शेवटची तारीख एकतीस जुलै. पुरावा म्हणून लग्नपत्रिका लागेल.

म्हटलं करते. हौसाला आता विचारतंय कोण? आई गेली, बाप गेला. भाऊ राणोजी तेवढा हौसाक्का म्हणतो, तोही दिवाळीला.

सुब्बानं बसल्या जागी रेकॉर्ड ऑफिसकडून कॉम्प्युटरवर जुना कागद मागवला, सुभेदारांच्या लग्नाच्या सुट्टीचा अर्ज. त्यात होणाऱ्या बायकोचं नाव रत्नप्रभा. अर्ज मार्च महिन्यातला.

मी म्हटलं, तारीख चुकली. माझं स्थळ यांना दाखवलं मे महिन्यात, पाच तारखेला. आठ दिवसांत लग्न. सुट्टी संपत आली होती म्हणून घाई.

सुब्बा म्हणाला, "तारखेवर शिक्का आहे, मॅडमजी."

बसमध्ये येताना हसू आलं. म्हणजे या माणसानं नाव आधी ठरवलं आणि बायको नंतर शोधली. हौशी होता म्हणायचा. बोलून दाखवत नाही एवढंच.

२९ जून, रविवार

फोन आला. सांगितलं सगळं. सुट्टीच्या अर्जावरून चिडवलं सुद्धा. म्हटलं, "मार्चपासून नाव घोकत होता वाटतं."

हसले नाहीत. म्हणाले, "कुणी काढला तो कागद?"

"सुब्बानं. आणि लग्नपत्रिका पाहिजे."

"पत्रिका कशाला? दुसरं काही चालत नाही का?"

"नाही चालत."

"अगं, जुने कागद कशाला उकरतेस? राहू दे ते शिक्षण. मी तुला दर महिन्याला जास्त पैसे पाठवतो."

माझं डोकंच फिरलं. पैसे कुणी मागितले? एकदाही म्हटले नाहीत की तू कर, तुला जमेल. आईचं केलंस तेवढं बास झालं, असंही म्हटले नाहीत. पत्रिकेचा एवढा त्रास! बायको शिकलेली बघवत नाही, दुसरं काय.

मी फोन आधी ठेवला. पहिल्यांदा. नंतर तासभर हातातच धरून बसले, पुन्हा येईल म्हणून. रेंज गेली असेल.

७ जुलै, सोमवार

अक्कानं तोंडी परीक्षा घेतली. मी लिहिलेलं तिला वाचता येत नाही, ती मोडी आणि तमिळवाली. म्हणून मीच वाचून दाखवलं. तिच्याविषयीचं सोडून.

मग म्हणाली, "हे इतकं राग-राग का लिहितीस?"

"राग आला की लिहिते."

"मग राग नाही येत तेव्हा काय करतीस?"

मी म्हटलं, तेव्हा भांडी घासते. ती हसली, कापीचा पेला हिंदकळला. म्हणाली, तिच्या यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली, अजून कापी दोघांची करते. म्हणून मला हाक मारते. नाहीतर फुकट जाते ना.

एवढंच असेल तर दूध कमी घ्यावं. मी तसं म्हटलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात सुभेदारांचा नंबर आणि नाव. या ट्रंकेनं माझ्यापेक्षा जास्त देश बघितलाय. तळाला हळदी-कुंकवाच्या डागाची पत्रिका सापडली. मद्रासच्या दमट हवेत कागद मऊ पडलाय, पोळीसारखा.

माझ्या नावाच्या जागी पट्टी चिकटवलेली आहे. चि. सौ. कां. हौसा, पुढं वडिलांचं नाव, आमचं गाव. मला आठवलं, तेव्हाही होती. मामंजी, म्हणजे यांचे आबा, म्हणाले होते, छापखानेवाल्यानं घोळ केला, पुन्हा छापायला वेळ नाही. दोनशे पत्रिकांवर पट्ट्या चिकटवायला घरची सगळी पोरं बसवली होती. नणंदच सांगायची, खळ संपली तेव्हा भात चोळून चिकटवल्या.

छापखानेवाले तेव्हाही असलेच.

१६ जुलै, बुधवार

मैलापूरला जाऊन अर्धं पान लिहून आले. गिंडीपर्यंत गाडी, तिथून बस. शिकवणाऱ्या मॅडम शरण्या, वय तिशी असेल, पण आवाज असा की पेशंट आपणहून कुशीवर वळेल. "तुमच्या आवडत्या माणसाविषयी लिहा," म्हणाल्या. मला कुणी सुचेना. सासूबाईंविषयी लिहिलं. आवडत्या नव्हत्या. पण कसं धुतलं, कसं फिरवलं, एवढं मला दुसऱ्या कुणाविषयी लिहिता येत नाही.

मॅडमना मराठी येत नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून काहीतरी केलं, तमिळमध्ये वाचलं, आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पास केलं. फी एकतीस तारखेच्या आत, वर्ग अठरा ऑगस्टला.

कुणाला सांगावं म्हणून फोन काढला. अनिकेत कामावर. सुभेदार बुधवारी नसतात. अक्का देवळात. गिंडी स्टेशनवर एक बाई गजरे विकत होती, तिला सांगितलं. मराठीत. तिनं गजरा दिला आणि वीस रुपये घेतले.

१७ जुलै, गुरुवार

गॅझेटच्या कागदांसाठी पत्रिकेची झेरॉक्स काढायला गेले. स्टेशनजवळच्या दुकानात बाई असते, तोंडात कायम क्लिप धरून केस बांधत असते. तिनं पत्रिका काचेवर पालथी घातली, झाकण दाबलं. कागद आला, त्यावर हौसा. पत्रिका उचलली तर पट्टी काचेलाच चिकटून राहिली.

पट्टीखाली छापलेलं होतं. चि. सौ. कां. रत्नप्रभा. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी. दुसरं गाव.

बाईनं नखानं पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. तमिळमध्ये विचारलं, "ताई, यातलं ओरिजिनल कोणतं?"

तिला पैसे दिले.

आज भेंडी केली. खारट झाली. खाल्ली.

१८ जुलै, शुक्रवार

ठीक आहे. लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मार्चमध्ये रत्नप्रभा नावाच्या मुलीशी लग्न ठरलं. तिचं नाव घालून सुट्टीचा अर्ज केला. पत्रिका छापल्या. मेमध्ये हे गावी आले. काहीतरी मोडलं. मांडव घातलेला, सुट्टीचे दिवस मोजलेले. पाच तारखेला मला बघितलं, तेरा तारखेला उभी केली. पत्रिकेवर माझं नाव चिकटवलं आणि माझ्यावर तिचं.

फौजेचा कागद बदलावा लागू नये म्हणून.

चोवीस वर्षं रेशन कार्ड, बँक, आधार, अनिकेतच्या शाळेचे कागद, सगळीकडं मी तिच्या नावानं सही करतेय. आणि आता पंचेचाळीस हजारांसाठी छापून आणणार होते, की हौसा नाहीच.

इकडचा आडी महिना लागला. कोपऱ्यावरच्या अम्मन देवीच्या देवळात कर्णे लावलेत. नाचणीची आंबील वाटतात, हे लोक कूळ म्हणतात. अक्कानं तांब्याभर पाठवली. प्यायली नाही. नंतर प्यायली. आईच्या हातची अशीच असायची, कांदा घालून.

२० जुलै, रविवार

फोन आला. मी पहिल्यांदाच विचारलं, "रत्नप्रभा कोण?"

वाऱ्याचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "पट्टी निघाली?"

म्हणजे चोवीस वर्षं वाट बघत होते निघायची.

म्हणाले, "तिनं नाही म्हटलं गं. मी गावात पोचलो त्याच दिवशी. फौजवाला नको म्हणाली. आबांनी घराबाहेर पडणं सोडलं. म्हणाले, मोकळ्या हातानं परत जायचं नाही."

"मग मी होते म्हणा रिकामी."

"तसं नव्हतं."

"आणि नाव?"

"कंपनीत सगळ्यांना सांगून आलो होतो. पोरं चिडवायची त्या नावानं. साहेबांनी सही केलेली. परत जाऊन काय सांगू, की मुलगी नाही म्हणाली? तेवीस वर्षांचा होतो मी. ताटासमोर बसलो आणि अंगठी धरली... हातानं लिहून टाकलं."

"हाताला काय करायचं, मनात होतं तेच लिहिणार."

"नाही गं. लिहिलं आणि त्याच वेळी कळलं, चुकलं. पुसता येत नव्हतं, सगळे बघत होते. म्हणून तर मी कधी..."

आणि लाइन गेली. म्हणून तर काय, देव जाणे. पुन्हा लागला नाही.

या माणसाचं कुठलंच वाक्य पुरं होत नाही.

२२ जुलै, मंगळवार

सुब्बाकडे गेले. गॅझेटचा फॉर्म त्याच्यासमोर फाडला. म्हटलं, "उलटं करायचं. मी हौसाच राहणार. फौजेनं आपला कागद बदलावा."

सुब्बा म्हणाला, "चार महिने लागतील. सुभेदार साहेबांना कारण लिहून द्यावं लागेल, कमांडिंग ऑफिसरसमोर. आणि फी यंदा मिळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"पुढच्या वर्षी मी चव्वेचाळीसची. तेव्हा मलाच कुशीवर वळवायला माणूस लागेल."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "मॅडमजी, कागदावरचं एक नाव. त्यासाठी पंचेचाळीस हजार?"

मी म्हटलं, "तुमच्या बायकोचं नाव काय?"

सांगितलं त्यानं. सांगताना मान खाली घातली, कान लाल झाले त्याचे. म्हटलं, "बघा."

बाहेर आले. आता पैसे कुठून आणायचे? एकतीस तारखेला नऊ दिवस.

२४ जुलै, गुरुवार

अक्कानं ऐकलं सगळं. तिला सांगायचं नव्हतं, जिन्यात बसले आणि तोंडातून निघून गेलं. तिनं उठून आतून एक डबा आणला, यजमानांच्या पेन्शनचे पैसे. म्हणाली, "हे घे. मज काय करावयाचे आहेत?"

मी म्हटलं, "मी भीक मागायला बसले नाही जिन्यात."

लागलं तिला. डबा घेऊन आत गेली, दार लावलं. आज हाक आली नाही. कॉफी मीच केली, दोघींची झाली. तिला नेऊन द्यावी असं वाटलं. थंड होईपर्यंत बघत बसले.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी कॉफी घेऊन खाली गेले. म्हटलं, "घ्या. फुकट जाते नाहीतर." तिनं घेतली. साखर कमी आहे म्हणाली. मिटलं.

२७ जुलै, रविवार

फोन येताच मी म्हटलं, "मध्ये बोलायचं नाही. गॅझेट रद्द. मी माझ्या नावानं शिकणार. वेल्फेअर पैसे देणार नाही, तुम्ही द्यायचे. गावाकडच्या घराच्या स्लॅबला ठेवलेत त्यातले. चार दिवसांत. आणि ऑफिसरसमोर उभं राहून लिहून द्यायचं, काय झालं होतं ते. सगळं. पुढं बोला."

पलीकडून वारा.

मग म्हणाले, "पावती कुणाच्या नावावर करायची?"

"माझ्या."

"सांग ना. फॉर्ममध्ये काय लिहू, सांग."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे." आणि मग म्हणाले, "हौसा."

लाइन खराब होती. आवाज वेगळाच आला, फुटल्यासारखा. पुन्हा एकदा म्हणाले. मी म्हटलं, ऐकू आलं, एवढं ओरडायला नको. खोकत होते. वर थंडीचा त्रास होतोय, सांगत नाहीत. म्हटलं गरम पाणी प्या.

३० जुलै, बुधवार

पैसे आले. मैलापूरला जाऊन भरले. पावतीवर हौसा महेश खराडे, स्वच्छ छापलेलं. खाली पट्टी-बिट्टी नाही. नखानं खरवडून बघितलं.

६ ऑगस्ट, बुधवार

सुब्बानं मोबाइलवर कागद पाठवला. सुभेदारांनी ऑफिसरसमोर लिहून दिलेलं, इंग्रजीत टाइप केलेलं. खाली जागा होती तिथं त्यांनी हातानं मराठीत लिहिलंय. "लग्नाच्या वेळी बायकोला दुसऱ्या मुलीचे नाव दिले ही माझी चूक आहे. तिची काही चूक नाही. खरे नाव हौसा. मी हे नाव विसरलो नव्हतो."

अठ्ठावीस वर्षांत कुणापुढं चूक कबूल केली नसेल त्यांनी. आता सगळ्या युनिटला कळणार. मी सांगितलं म्हणून केलं, आणि केल्यावर मलाच बरं वाटेना. भांडायला समोर माणूस पाहिजे होता. समोर मोबाइल.

अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरा पुरुष आहे, अगो."

मी म्हटलं, "उशिरा बरा आहे."

"आमचे तर वेळेवर बरे होते, आणि वेळेवर गेले," ती म्हणाली.

१७ ऑगस्ट, रविवार

उद्या वर्ग. अक्का म्हणते आडी संपला ते छान, आडीत नवीन काही सुरू करू नये. पांढरी साडी, निळी किनार, इस्त्री करून ठेवली. आरशात बघितलं. हॉस्पिटलातली आयाच दिसते. तेच तर व्हायचंय.

सुभेदारांचा फोन आला नाही. वर हवामान खराब असेल. अनिकेतनं मेसेज केला, अंगठा दाखवलेला. बोलायला त्याला वेळ नाही. उद्याचा डबा आत्ताच भरून ठेवला. एकीचाच. पहिल्यांदा माप बरोबर आलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

वर्गात बावीस जणी. सगळ्या पोरसवदा, मी एकटी म्हातारी. शरण्या मॅडमनी हजेरी घेतली. एकेक पोरगी "येस मॅम" म्हणत होती. मॅडम म्हणाल्या, "हौसा."

कुणी बोललं नाही.

पुन्हा म्हणाल्या, "हौसा. हौसा यारु?" म्हणजे कोण.

मी पण मागं वळून बघितलं, कोण ही ठोंबी, पहिल्याच दिवशी गैरहजर. मग शेजारच्या पोरीनं माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

उभी राहिले. येस मॅम म्हणायचं होतं, "ओ" म्हणाले. सगळ्या हसल्या. मॅडम पण.

दिवसभर बाहुलीला कुशीवर वळवायला शिकवलं. मॅडम म्हणाल्या, पुन्हा दाखवा, सगळ्यांना दिसू दे, हात कुठं ठेवलाय बघा. चारदा दाखवलं. सासूबाई एवढ्या हलक्या नव्हत्या.

घरी आले साडेसहाला. खाली कुलूप होतं, अक्का डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेली. फोन बघितला, कुणाचा नव्हता. सांगायचं तर होतं.

दार लावलं. चपला काढल्या. आणि कसं असतं ऐकायला म्हणून एकदा मोठ्यांदा हाक मारली, आई परसातून मारायची तशी. हौसा!

विमान गेलं. तावदानं थरथरली. कुणी ओ दिली नाही.

मग मीच दिली.